हंसाचे पत्ते

कणकेच्या खळीचा वास आला का अजूनही मले लेकीचं ते दुखणं आठवते. भिलाईत कारखाना बांधून राहिले होते, आमी टिनाच्या खोलीत, अन् हगवणीनं डोळे खोल गेलेली लेक पाणी तोंडाले लावत नव्हती. दवाखान्यातल्या आयर्लंडच्या नर्सबाईनं तिले आपल्या देशाची गोष्ट सांगितली होती, सावत्र मायनं राजाच्या लेकरांचे हंस केले ते. मी पुठ्ठ्यावर खळीनं कागद चिकटवून, वर चित्रं काढून त्याचेच पत्ते केले. सावत्र माय येईन त्यानं चमचाभर पाणी प्यायचं. पण दरखेपी ती मलेच आली, अख्खा गिलास मीनंच संपवला. मंग घाबरून नियम बदलला, हंस येईन त्यानं प्यायचं. "माय, हे तं बदक हाय," ती हळूच म्हणे. "बदकालेही तहान लागते, बाई." तिनं तोंड उघडलं. आता ती शाळेत सांगते का माही माय पत्ते लपवून खेळे. हो, खेळे मी लपवून, सगळे हंस निवडून तिलेच देल्ले.