जिभेवर पारखलेली माती

आमच्या ठाण्याच्या घराच्या मागल्या अंगणात एक मातीची शेगडी उभी आहे. तिला गोल पोट आहे, पुढे तोंड आहे आणि वर हातभर मान. लाकडे तोंडातून घालायची. धूर मानेतून सरळ वर जातो. घरात सगळे तिला धुराडी म्हणतात. ती मी आणवली. एवढे लिहितानाही मला संकोच वाटतो, पण खोडावेसे वाटत नाही.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी लहान होते. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत आतली खोली. तिला एकच खिडकी, आणि वारा लागू नये म्हणून तिच्या फटींत आत्याने चिंध्या कोंबल्या होत्या. बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवऱ्या, वरून ओवा आणि ऊद. दारात उभे राहिले तर समोरची बाज दिसत नसे. ताईचा खोकला मात्र ओटीपर्यंत ऐकू येई. तो तिच्या छातीत बसला तो कायमचा. सासरी ती पाठीला लोड लावून बसूनच झोपे. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने मला दोन ओळी लिहिल्या. तिला अक्षरे मीच शिकवली होती, म्हणून ते पत्र फक्त माझे होते. "बाळंतपणाची भीती वाटत नाही. त्या खोलीची वाटते."

त्या खोलीवर आत्याची सत्ता होती. ती लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. बाळंतिणीच्या बाबतीत वडिलांचेही तिच्यापुढे चालत नसे. ती निर्दय नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत एक बाळंतीण गारठ्याने गेली होती, आणि तेव्हापासून उबेच्या बाबतीत ती कुणाचे ऐकत नसे.

मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकले. शाळेत मराठी बोलायला मनाई, घरी इंग्रजी कुणाला येत नाही, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहण्याची सवय मला लवकर लागली. शाळेतल्या एका प्रवासाच्या पुस्तकात अमेरिकेकडच्या कुठल्याशा देशातल्या अंगणाचे चित्र होते. तिथे एक बाई अशाच मान असलेल्या शेगडीपाशी बसली होती, आणि तिच्या तोंडावर धूर नव्हता. आमच्या मडमेने सांगितले की दिव्याच्या काचेत ज्योत सरळ राहते तेच इथे घडते. गरम हवा वर ओढली जाते आणि धुराला सोबत नेते. ते चित्र मी वहीत उतरवून घेतले.

ताईचे पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर मी म्हणाले, "आत्या, विस्तव बाहेर ठेवला तर?"

"आणि बाळंतिणीला कुठे ठेवू? अंगणात?"

आई हसली, वडीलही हसले. मी खाली बघतच पुढे बोलले. विटा बाहेर तापवायच्या, मिठाच्या पुरचुंड्या बाहेर तापवायच्या, आणि शेक तेवढा आत न्यायचा.

"मडमेच्या शाळेत आता चुलीही शिकवतात वाटतं," आत्या म्हणाली.

वडील म्हणाले, "करून बघू दे की तिला."

आत्याने थोडा विचार केला. "बरं. ताई येईपर्यंत तुझी शेगडी धड उभी राहिली, तर विस्तव बाहेर. नाही राहिली, तर माझी शेगडी बाजेखाली. मग एक शब्द बोलायचा नाही." आणि उठता उठता म्हणाली, "एरवी तरी कुठे बोलतेस म्हणा."

मी पहिली चूक केली ती घाईत. आमच्याकडे मीठ घेऊन येणारी आगरीण होती. तिला मी चिकट माती कुठे मिळेल ते विचारले. ती म्हणाली, "खारीची आणतंय ना बाय. लोन्यासारी मऊ. आमचे मिठागराचे बांध हिचेच. समिंदर अडवते ती." समुद्र अडवणारी माती विस्तवही अडवेल असे मला वाटले. तिने दोन टोपल्या आणून दिल्या. मी हाताने पोट घडवले, मान घडवली. उन्हात वाळता वाळता ती पांढरी पडू लागली, चुना दिल्यासारखी. ते मला फार देखणे वाटले.

आठव्या दिवशी मी सगळ्यांना अंगणात बोलावले. भरपूर लाकडे घातली, कारण मला मोठा जाळ दाखवायचा होता. धूर खरोखरच मानेतून वर गेला. आई "अगंबाई" म्हणाली. तेवढ्यात फटाका उडावा तसा आवाज झाला आणि पोटाचा एक तुकडा उडून झावळ्यांच्या मांडवाखाली जाऊन पडला. त्याच्यामागून निखारे सांडले. आत्याने घागर उपडी केली. तापलेल्या मातीवर पाणी पडताच उरलेली शेगडीही फुटली.

कुणाला लागले नाही. मांडवाची एक झावळी तेवढी काळी झाली. आत्या रागावली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "हे बाळंतिणीच्या दारात ठेवणार होतीस?"

ती बरोबर बोलत होती.

ताईला यायला दीड महिना होता. वडिलांना कचेरीच्या कामाला कल्याणला जायचे होते. मी फुटलेला एक तुकडा फडक्यात बांधला आणि त्यांना म्हणाले, "मला कुंभारवाड्यात न्या." त्यांनी कारण विचारले नाही.

कुंभारवाड्यात एक म्हातारी बाई भट्टीपाशी राख चाळत बसली होती. तिने माझा तुकडा घेतला, उलटसुलट केला आणि सरळ जिभेला लावला. मग बाजूला थुंकली.

"खारी हाय. मीठ भाजायला निघालीस काय गो?"

मी मान हलवली.

"घे, तू बी लाव जीभ."

मी वडिलांकडे पाहिले. ते भट्टीच्या छपराकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"मातीला इटाळ नसतो बाय. लाव. न्हाय तर पुन्हा फसशील."

मी जीभ लावली. इतकी खारट की डोळ्यांत पाणी आले. मग तिने आपल्या ढिगातली वाळकी ढेप पुढे केली. तिला चव अशी नव्हतीच, जीभ मात्र तिला चिकटली. "अशी चिकटली म्हंजी पाणी पिनारी माती. हिला आग सोसते," ती म्हणाली. खाऱ्या मातीतले मीठ वाळताना वर येते, पापुद्रे धरते, आणि भाजली की ती फुटते. त्यातून माझी माती आतून ओली राहिलेली, आणि मी पहिल्याच खेपेला तिच्यात होळी पेटवली होती.

मी वहीतले चित्र दाखवले. तिने मानेवर बोट ठेवले. "एवढी लांब मान मोडंल. हातभर पुरे. आन् तोंड ल्हान कर, न्हाय तर धूर तुझ्याच डोळ्यांत येईल." पुस्तकातले चित्र तिने दोन वाक्यांत दुरुस्त केले. मला त्याचे वाईट वाटले नाही. शाळेत मला कुणी इतके थोडे बोलून इतके शिकवले नव्हते.

तशी शेगडी तिलाच घडवायला सांगून आम्ही निघालो. पंधरवड्याने परत गेलो तेव्हा तिने तीन धुराड्या ओळीने मांडल्या होत्या. मातीत भाताचा तूस मळलेला, तळाला तीन पाय. "निवड," ती म्हणाली आणि पुन्हा राख चाळू लागली.

मी वेळ घेतला. प्रत्येकीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. एक बद्द वाजली. उरलेल्या दोघी खणखणीत होत्या. त्यांच्या मानेला डोळा लावून उन्हाकडे धरून पाहिले, तर त्यांतल्या देखण्या धुराडीच्या सांध्याशी केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. तिसरीच्या अंगावर भट्टीचा काळा डाग होता आणि ती जराशी एका कुशीला झुकलेली. तिच्या तोंडात हात घालून भिंत चाचपली, सगळीकडे सारखी जाड लागली. शेवटी कुणी न सांगता तिच्या तळाला जीभ लावली.

"ही," मी म्हणाले.

म्हातारी माझ्याशी बोलली नाही. वडिलांना म्हणाली, "पोरीला कळतंय."

आजपर्यंत मला शाळेत दोन बक्षिसे मिळाली आहेत. ती कुठे ठेवली ते चटकन आठवत नाही.

धुराडी पेंढ्यात गुंडाळून खाडीने पडावातून ठाण्याच्या बंदरावर आली. आत्याने ती पाहिली. "वाकडी आहे," म्हणाली. मग वडिलांनी कौतुकाने जिभेची हकिकत सांगितली तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. "कुंभारणीच्या हातची माती चाटलीस? जा, आधी चूळ भर."

मी चूळ भरली आणि कामाला लागले. मांडवाच्या पुढे आलेल्या झावळ्या वडिलांकडून उतरवून घेतल्या. मोकळ्या जागी सपाट फरशी बसवली आणि धुराडीचे तोंड पूर्वेला केले, कारण आमच्याकडे दुपारनंतर पश्चिमेकडून वारा येतो आणि तो समोरून शिरला तर जाळ बाहेर येतो. तळाशी चार बोटे वाळू भरली, म्हणजे निखारे मातीला टेकत नाहीत. शेजारी आणखी वाळूची पाटी ठेवली. पाण्याची घागर आत्याच्या हाताला लागणार नाही अशी लांब ठेवली. हे मी तिला सांगितले नाही.

म्हातारीने बजावले होते, सात दिवस लहान जाळ, रोज थोडा वाढवायचा, आणि पूर्ण निवल्याशिवाय हलवायची नाही. पहिल्या दिवशी मी मूठभर काटक्या जाळल्या. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. आत्या तांदूळ निवडता निवडता बघत होती.

"शेगडी आहे की दुखणाईत माणूस? चमचा चमचा भरवतेस."

ताई तिसऱ्या दिवशी आली. तिने धुराडीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितले. तिला अजून पंधरा दिवस आहेत असे सगळे धरून चालले होते.

पाचव्या दिवशी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या.

आई आणि सुईण आत गेल्या. मी अंगणात आले. दोन दिवस कमी होते. मोठा जाळ करता येणार नव्हता, पण लहान जाळावरही विटा तापतात, वेळ तेवढा लागतो. आणि वेळ त्या घटकेला माझ्याकडे होता, म्हणून मी तेव्हाच काटक्या पेटवल्या आणि चार विटा तोंडापाशी रचल्या. त्यामागे मिठाच्या पुरचुंड्या ठेवल्या. एकेक काटकी घालत दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले.

दुपारी मुलगी झाली. आत्या दारात आली. "ताई थंडीने कापतेय. पेटव. भरपूर पेटव."

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

"भरपूर नाही, आत्या. दोन दिवस राहिलेत, फुटेल ती. विटा सकाळपासून ठेवल्यात. तयार आहेत."

मी चिमट्याने एक वीट काढली, गोणपाटात आणि त्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. तिने ती गालाला लावली. तेवढ्यात धुराडीतून टक असा आवाज झाला. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. मी वाकून पाहिले. लाकडाची गाठ तडकली होती. धुराडी तशीच वाकडी उभी होती.

"दुसरी दे," आत्या म्हणाली.

चारही विटा आत गेल्या, मग पुरचुंड्या गेल्या. शेवटी आत्या ओव्याच्या धुरीसाठी निखारे मागायला आली. ते मला नाकारता येणार नव्हते. मी थोडेसे कालथ्यावर घेतले, पण उंबऱ्याशी थांबले.

"खिडकी उघडी असेल तर देते. निखाऱ्याला धूर नसला तरी कोंडलेल्या खोलीत तो माणसाला गुंगवतो, मारतोही. आणि धुरी झाली की निखारे लगेच बाहेर."

ती रागावेल असे मला वाटले. ती खिडकीपाशी गेली आणि फटींतल्या चिंध्या एकेक करून ओढून काढू लागली. त्या जुन्या, काळ्या झालेल्या होत्या. खिडकी उघडली. समोर बाज होती, बाजेवर ताई, तिच्या कुशीत बाळ. सगळे स्वच्छ दिसत होते. ती खोकत नव्हती.

"तू दिसतेयस मला," ताई म्हणाली.

ती महिनाभर त्या खोलीत राहिली आणि आली होती तशीच श्वास घेत बाहेर पडली. तिच्या छातीतला जुना खोकला धुराडीने बरा केला असे मी म्हणणार नाही. नवा मात्र लागला नाही.

त्याला आता तीन वर्षे होतील. दर आठवड्याला मी राख काढते, पण वाळू राहू देते. बारीक चीर दिसली तर कल्याणच्या मातीत राख मिसळून ती भरते आणि दोन दिवस पेटवत नाही. पावसाळ्यात ती कोरडी करून पडवीत ठेवते. ती अजून वाकडी आहे.

पलीकडच्या आळीतल्या दोन घरांनी धुराडी मागवली. मग आणखी एका घराने. गेल्या महिन्यात पडाव आला तेव्हा शेजारच्या काकूंबरोबर आत्या स्वतः बंदरावर गेली, आणि मला पिशवी धरायला सोबत घेतले. पेंढा सोडवला गेला. काकू हात पुढे करणार, तोच आत्या म्हणाली, "थांबा हो, अशी नाही घ्यायची." तिने धुराडीवर टिचकी मारली, मानेला डोळा लावून पाहिले. मग पदर सावरून खाली वाकली आणि भर बंदरावर, सगळ्या हमालांसमोर, धुराडीच्या तळाला जीभ लावली.

"गोडी आहे, खारी नाही," ती काकूंना म्हणाली. "आमच्या मुलीने काढलंय हे शोधून."

मी पिशवी धरून उभी होते. खाली बघायचे मला त्या वेळी सुचलेच नाही.