यादी मी उघडली होती

मंगळवार, १२ मार्च २०१९. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. त्या वेळी जे सुरू झाले ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, आणि चौकशीत ज्यांनी समोर बसवून विचारले त्यांना तर नाहीच.

दक्षिण लंडनमधल्या एका रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्राचा कन्सल्टंट होतो. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीनंतर फुप्फुसात बुरशीचा संसर्ग होतो. लवकर ओळखला तर माणूस वाचू शकतो. आमची नेहमीची चाचणी रक्तात बुरशीचा अंश शोधते. तिच्यात एक खोट आहे — रुग्णाला बुरशीचे प्रतिबंधक औषध चालू असेल, तर संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. रिपोर्ट देण्याआधी वॉर्डला औषधे विचारा, हे मी वीस वर्षे शिकवले. न विचारणाऱ्या किती जणांना सर्वांसमोर सुनावले असेल?

त्या दिवशी नऊ वाजता एका रुग्णाचा रिपोर्ट देताना मी स्वतः विचारले नाही. फॉर्मवरचा औषधांचा रकाना कोरा होता. तरी वॉर्डच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिथल्या कनिष्ठ डॉक्टरला, फोनवर सांगितले — निगेटिव्ह आहे, बुरशी नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी केतकी आली. नागपूरची; आमच्याकडे संशोधक. केंब्रिजमधल्या एका गटाबरोबर आम्ही नवी चाचणी पारखत होतो — बुरशी शिरल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा रक्तात जी तीन प्रथिने सोडते, ते ‘मार्कर’ मोजायचे. नमुन्यांवर नावे नसत, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. अभ्यास संपेपर्यंत ती उघडायची नाही, हा नियम. जिवाला धोका दिसला तर मी ती उघडून वॉर्डला कळवायचे — हाही नियमच.

“सर, एका नमुन्यात तिन्ही मार्कर एकदम वर गेलेत. यादी बघता का प्लीज? लॉकरमधल्या दागिन्यांसारखी जपता तुम्ही ती.”

मी हसलो नाही. इतर जंतूंनीही हे आकडे वाढतात, चाचणी पुन्हा लावा, असे सांगितले. ती दाराकडे वळली.

“कोणीतरी आत्ता त्या वॉर्डमध्ये पडलंय, सर,” एवढे म्हणून गेली.

ती गेल्यावर मी यादी उघडली. काळजीने? की केवळ पाहावे म्हणून? खरेच सांगता येत नाही. नाव नऊ वाजताच्या रुग्णाचे होते — क्रॉयडनला ट्राम चालवणारा, सेहेचाळीस वर्षांचा. मग संगणकावर त्याची औषधे पाहिली. प्रतिबंधक औषध अकरा दिवसांपासून चालू होते.

म्हणजे मला कळले होते. साडेदहाच्या आत — सगळे कळले होते.

करायचे काय होते? एक फोन. सकाळचा रिपोर्ट मागे घेतो, उपचार सुरू करा — एवढेच वाक्य. पण ते बोलायचे, तर मी विचारले नव्हते हेही बोलावे लागले असते. आणि तेही त्याच रजिस्ट्रारला, ज्याला आदल्या आठवड्यात याच चुकीसाठी मी सर्वांदेखत झापले होते. मी यादी आत ठेवली. कुलूप लावले. दुपारी केतकीला म्हणालो, नियम तो नियम. यादी उघडता येणार नाही.

तो नवव्या दिवशी गेला. शवविच्छेदनात दोन्ही फुप्फुसांत बुरशी सापडली.

चौकशीत विचारले — यादी उघडली होती का? मी म्हणालो, नाही. या संशोधिकेने आकडा दाखवला होता का? मी म्हणालो, दाखवला. पण घाईचे आहे असे त्या बोलल्या नाहीत. केतकी माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिले. तातडी कळवण्यात कसूर, असा शेरा तिच्या नावावर गेला. पुढचे कंत्राट मिळाले नाही. व्हिसा त्या नोकरीवरच होता. ती नागपूरला परत गेली.

औषध वेळेवर मिळते तर तो वाचला असता का? माहीत नाही. त्या ‘माहीत नाही’च्या आड मला उभे राहायचे नाही.

आणि अजून एक आहे — चौकशीने ज्याबद्दल मला काहीच विचारले नाही, कारण कागदावर ते निर्दोष दिसते. त्याच मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी रजिस्ट्रारचा पुन्हा फोन आला. ताप उतरत नाही, म्हणाला. चाचपडत, जवळजवळ माफी मागत विचारले — तरीही बुरशीचे औषध सुरू करू का? यादी पाहून मला सहा तास झाले होते. मी म्हणालो, गरज नाही. शुक्रवारचे स्कॅन होऊ द्या.

मग फोनची नोंदवही ओढली. वेळ लिहिली, त्याचे नाव लिहिले, पुढे लिहिले — ‘निगेटिव्ह. उपचार नको.’ खाली सही केली, आणि पुढच्या पाळीच्या डॉक्टरला दिसावी म्हणून वही टेबलावर उघडी ठेवली.