नाहूरला आल्यावर विचारलेलं

लग्नानंतर मी कुडाळ सोडलं तेव्हा सुमे, तू गाडीची खिडकी धरून उभी होतीस आणि आपली आई माझ्या कानात सांगत होती, "घोवाक फारसा इचारू नको. दमान येतत, मग चिडतत." नवरा दमून येतो, त्याला फार विचारायचं नाही, आपल्याकडे हीच रीत. धाकटे काका वाळत वाळत गेले, पण काकीने शेवटपर्यंत आजाराचं नाव विचारलं नाही.

मुंबईत नाहूरला आमचं वन रूम किचन. संदेश एसी दुरुस्तीची कामं करतो. माणूस प्रेमळ, सकाळचा चहा तोच करायचा. पण रोज जेवणानंतर एक गोळी घ्यायचा, बाटलीवरचं लेबल खरवडलेलं. "व्हिटॅमिन गं," म्हणायचा. मधूनच अर्धा दिवस सुट्टी घेऊन कुठेतरी जायचा, तेव्हा फोन बंद. मूल इतक्यात नको म्हणायचा आणि कंडोमशिवाय कधी जवळ आला नाही. मला वाटलं, दुसरी कुणीतरी आहे. त्याच्या शर्टांचा वास घेऊ लागले. चोरून फोन बघितला, काहीच सापडलं नाही. त्याने संशय वाढलाच. इतकं साफ कसं?

एका रविवारी कांदा चिरताना विचारलं, "ती कोण आहे?"

"कोण ती?"

"जिच्याकडे जातोस ती."

तो खाली बसला. "हॉस्पिटलला जातो. एचआयव्ही आहे मला. लग्नाआधीपासून."

मी गॅस बंद केला. इतके दिवस हा माझ्या शेजारी झोपला आणि बोलला नाही, याचाच राग आला.

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

"ते मला ठरवू द्यायचं होतंस ना."

दुसऱ्याच दिवशी माझी टेस्ट केली. निगेटिव्ह. काही आठवड्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो लागत नाही. मूलही होऊ शकतं.

"पण हा रोज घेतो कशावरून?" मी विचारलं.

"ते यांच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. तोच म्हणाला, "माझे सगळे रिपोर्ट दाखवा हिला."

कुणाकडून, कधी, तेही मी घरी येऊन विचारलं. त्याने सांगितलं. ऐकायला बरं नव्हतं.

तुझं लग्न जमतंय असं कळलं. मुलाला टेस्टचं विचार, तुझीही करून त्याला दाखव. आई रागावेल, रागावू दे.

कुडाळला आले की आपल्या गप्पा आंबे आणि पाहुण्यांवरच संपतात. तिथे मीही पाहुणीच झालेय. इथे आम्ही कडाकडा भांडतो. त्याला यायला उशीर झाला की अजून मनात शंका येते. मग "कुठे होतास" म्हणते, तो बसून सांगतो, मला बोचेल तेही सांगतो. याला मी आता घर म्हणते. विश्वास म्हणशील, तर हळूहळू बसतोय.