रानमांजराच्या मागच्या पायातली नस

पशुवैद्यकीय कॉलेजच्या शवविच्छेदनाच्या खोलीत चिमटेकाकांचा शब्द शेवटचा. कागदोपत्री ते साधे मदतनीस. पण एखादी नस सापडेना की भलेभले प्राध्यापक मुकाट्याने चिमटा त्यांच्या हाती द्यायचे. काकांची रीत ठरलेली. नस दिसली की तिच्याखालून पांढरा दोरा ओवायचा, मगच सुरी पुढे न्यायची. घाई करणाऱ्या पोरांना ते सुनावायचे, "कापलेली नस मी शिवून देत नसतो, सांगून ठेवतो!"

त्या सकाळी टेबलावर रानमांजर होतं. रस्त्याकडेला उपासाने मरायला टेकलेलं सापडलं होतं. काकांची मुलगी प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टर. तिने इंजेक्शनं देऊन त्याला जगवलं. पण ते उभं राहिलं तेव्हा डावा मागचा पाय लुळा होता. पंजा उलटा दुमडून ते फरफटत चालायचं. उडी न मारता येणारं मांजर रानात खाणार काय? शेवटी त्याला कायमचं झोपवावं लागलं. पाय गाडीच्या धक्क्याने गेला की मुलीच्या सुईने, एवढंच आता काकांना शोधायचं होतं. मुलगी भिंतीशी उभी होती. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

काकांनी मांडीचा बाहेरचा स्नायू उलगडला. पाठीच्या कण्यापासून कमरेपर्यंत सगळं शाबूत होतं. मांडीच्या हाडामागून उतरणारी, पाय हलवणारी मोठी नस गुडघ्याच्या वर दोन फाट्यांत फुटते. त्या फाट्याच्या जरा वर ती गाठाळली होती, सुई टोचल्याच्याच जागी. सुरीचा एक फटकारा मारला असता, तर कुणाला कधी कळलं नसतं. काकांनी तिच्याखालून पांढरा दोरा ओवला.

"ये, बघ," ते म्हणाले. "सुईच आहे."

ती बघत राहिली. रडली नाही.

"अगं, पण मांडीच्या मागे का दिलीस? नुसता हाडांचा सापळा होता तो. सुई थेट नसेवरच जाणार ना!"

"जागा तुम्हीच दाखवली होतीत, बाबा. याच टेबलावर. इथे मांस भरपूर असतं म्हणालात."

म्हणाले होते खरे. त्यांच्या टेबलावर यायची ती भरल्या अंगाची जनावरं. उपाशी, जिवंत जनावराची मांडी त्यांनी जन्मात चाचपली नव्हती. आणि ती जागा तीस वर्षं प्रत्येक वर्गाला दाखवली होती.

काका विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसले.

"अहवालात माझंही नाव घाल," ते म्हणाले. "आणि जुन्या पोरांचे पत्ते काढ. एकेकाला कळवावं लागेल."