बशीरचाचांचा कोपरापर्यंतचा हात

बशीरचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना नव्हे, पेंढ्याला भेटत. गोठ्यातल्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, बाहेर काढून हुंगायचा आणि मगच म्हणायचं, "बरं, आता चहा टाका." आमच्या सौभाग्यवतींनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी कपबश्या परत आत नेल्या होत्या.

चाचा जुन्नरचे. ट्रॅक्टरमागं गोल गठ्ठे बांधणारं बेलर लावून पार घोडेगावकडच्या भातखाचरांपर्यंत फिरत. मशीन जुनं, लोखंडी रुळांचं. त्याच्या पोटाचं माप ठरलेलं. पेंढा आधी आत नुसता सैल गरगरायचा आणि पोट भरत आलं की मग आवळला जायचा. त्यामुळे गठ्ठा बाहेरून टणक, आतून मऊ. लोक हसायचे. चाचा म्हणायचे, "हसा लेको. आपलं मशीन पोट भरल्याबिगर ढेकर देत नाय, आन् पोटात हवा ठेवतं. जनावराला खायचाय पेंढा, तुमाला उशाला न्हाई घ्यायचा."

माणूस महाहट्टी. दव पुरतं सुकल्याशिवाय मशीनला हात लावायचे नाहीत. एका वर्षी माझ्या चार गाईंचा उन्हाळ्याचा चारा खाचरात पडलेला आणि आभाळ भरून आलेलं. चाचांनी पेंढ्याची मूठ पिळली आणि बांधावर बसकण मारली. "वल्ला हाय गुरुजी. उद्या दुपारी."

माझं डोकं फिरलं. गावात नुकतंच पट्ट्यांचं बेलर आलं होतं, तेच बोलावलं. त्याचे पट्टे पहिल्या मुठीपासून आवळत जातात. गठ्ठा लहान काढा की मोठा, गाभ्यापर्यंत दगड. वर सुतळीऐवजी पांढरीशुभ्र जाळी. गोठ्यामागची ती थप्पी मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवली. पाऊस तर आलाच नाही.

आठवड्यानं चाचा न बोलावता आले. गठ्ठ्यात हात शिरेना, म्हणून लोखंडी सळई खुपसली, थोड्या वेळानं उपसली आणि माझ्या तळहाताला लावली. चटका बसला.

"ताप आलाय गुरुजी. मशीन चांगलंय, वाळल्या पेंढ्याला एक नंबर. तुमी वल्लं आत कोंडलं."

दिवसभर आम्ही दोघं जाळ्या कापून गठ्ठे उलगडत होतो. आतून वाफा निघत होत्या. निम्मा पेंढा काळा पडला होता, निम्मा गाईंना वाचला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "त्वांड नको, हात चालवा. पोरं नापास करताना एवढं वाईट वाटतं का?"

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो, तर सुनेनं दोन रजयांत नाकापर्यंत गुंडाळून ठेवलेले. मी कपाळावर हात ठेवला. डोळे न उघडताच म्हणाले, "वरून काय कळतंय राव? कोपरापर्यंत घाला." मग हळूच, "सूनबाईनं पट्ट्याच्या मशीनमधून काढलंय मला. जरा सैल करा."

मी रजई सैल केली. त्यांनी लांब श्वास घेतला. चार दिवसांनी गेले.

यंदा भात निघाल्यावर मी पेंढ्याची मूठ पिळून पाहिली. ओली होती. नवा बेलरवाला ट्रॅक्टर चालू ठेवून घाई करत होता. मी बांधावर बसकण मारली.

"उद्या दुपारी," एवढंच म्हणालो.