बरकतपुऱ्याची बिनभिंतीची खानावळ

एकनाथरावांना पंचफुलाबाईंची माहिती फार थोडी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिली काही वर्षं तर त्यांना बाईंचा फक्त उजवा हात ठाऊक होता. मनगटाशी गोंदलेलं फूल आणि अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. हैदराबादेत बरकतपुऱ्याला केशवरावांची खानावळ होती, तिथं ते जेवत. पुढची खोली जेवणाची, मागची चुलीची, आणि मधल्या भिंतीत ताट जाईल एवढा झरोका. त्या झरोक्यातून तो हात बाहेर यायचा, भाकरी ठेवायचा आणि आत जायचा. बाईंचं गाव कोणतं, नवरा होता की वारला, मूलबाळ किती, हे एकनाथरावांना तेव्हा माहीत नव्हतं आणि पुढेही कळलं नाही. विचारायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

हल्ली ते नातवाकडे हैदराबादच्याच कुकटपल्लीला येऊन राहतात. नातवाच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला भिंत नाही. पाहुणे येतात, ओट्यावरून हात फिरवतात, कौतुक करतात. नातसून सांगते की ही अगदी नवी पद्धत आहे. एकनाथराव मान डोलवतात. ही पद्धत त्यांनी सत्तावन्न सालीच पाहिली होती, आणि तिचा नकाशा त्यांच्याच हातचा होता. पण असं आपणहून सांगणं त्यांना जमत नाही.

त्या वर्षी हैदराबादेत जो तो सामान बांधत होता. राज्याची वाटणी होऊन गेली होती, मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला होता आणि मराठी कारकुनांच्या बदल्यांचे हुकूम एकामागून एक निघत होते. खानावळीतली एकेक जागा रिकामी होऊ लागली. केशवरावांनीही जिंतूरकडची शेती बघायला परत जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी ते पंगतीत उभे राहून म्हणाले, "उद्यापासून खानावळ पंचफुलाबाई चालवतील."

"कोण पंचफुलाबाई?" नामदेवरावांनी विचारलं. ते कचेरीत एकनाथरावांच्या शेजारच्या टेबलावर बसत आणि आवाजाने सगळ्यांत मोठे होते.

"जिच्या हातचं इतकी वर्षं हादडतोस, ती."

"म्हणजे आपली मावशी? मग ठीक आहे."

पंगत उठली, लोक पांगले. एकनाथराव हात धुऊन निघणार, तोच झरोक्यातून आवाज आला. "नकाशे काढणारे तुम्हीच ना? जरा आत या."

ते बांधकाम खात्यात नकाशे काढत, ते खरं. चपला काढून ते मागच्या खोलीत गेले. चाळिशीची, सडपातळ, काळीसावळी बाई समोर उभी होती. कपाळावर घाम, नजर सरळ.

"ही भिंत काढायची हाय," बाई म्हणाल्या. "घर पडणार नाही असं काय करावं लागंल?"

"झरोका मोठा केला तर भागेल की," एकनाथराव म्हणाले.

"झरोका लई झाला. भिंतच नको." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सांगून टाकलं. "मी अंबरपेठेहून येते, मागच्या गल्लीनं, मागच्या दारानं. पुढच्या खोलीत मी आजवर पाय ठेवला नाही. गेल्या दसऱ्यापासनं आम्ही बौद्ध झालो. त्याच्या आधी कोण होतो ते तुम्हाला समजलं असंल. केशवरावांना ठाऊक होतं. तुमच्यातल्या कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

एकनाथरावांच्या घरी गावाकडे वेगळी रीत होती. आई असती तर काय म्हणाली असती, हे त्यांच्या मनात आलं. पण जेवण तर पोटात होतं, आजचंही आणि इतक्या वर्षांचंही. ते एवढंच म्हणाले, "लोक आले नाहीत तर?"

"तर खानावळ बसंल, आणि मी दुसऱ्या कुणाच्या भिंतीमागं जाऊन भाकरी थापीन. काम सुटत नाही बगा. पण एकदा तरी माझ्या हातचं खाणारानं मला बघून खावं."

घरमालकीण शेजारच्या घरात राहणाऱ्या एक म्हाताऱ्या बेगम होत्या. त्यांनी पडद्याआडून निरोप दिला, "गिरा लो, मगर मेरा छत सलामत रहना." ती जबाबदारी एकनाथरावांवर आली. भिंतीच्या जागी सागवानी तुळई घालायची आणि एका टोकाला खांब ठेवायचा, हे त्यांचं डोकं. बाकी सगळं बाईंचं. त्यांनी कोळसा घेतला आणि फरशीवर रेघा मारत सुटल्या. जिथं भिंत होती नेमकं तिथं त्यांना ओटा हवा होता. बाईंकडच्या बाजूला चूल आणि परात, जेवणाऱ्यांच्या बाजूला तोच दगड पुढं वाढवून त्यावर ताटं, आणि बसायला बाक.

"पाट का नको?" एकनाथरावांनी विचारलं.

"तुम्ही खाली बसा बरं."

ते खाली बसले. बाई उभ्या राहिल्या.

"आता माझ्याकडं बगा. मान दुखती का नाही? मी उभी ऱ्हाणार. तुम्ही खाली बसला तर मी तुमच्या डोक्यावर. मी खाली बसले तर तुम्ही माझ्या. नजर सारखी आली पाहिजे."

मग एका रिकाम्या खोक्यावर विटा चढवत त्यांनी एकनाथरावांना उठवलं, बसवलं, पुन्हा उठवलं. शेवटी समोरासमोर नजर भिडली. तेव्हा त्या "हां" म्हणाल्या आणि एकनाथरावांनी ती उंची टिपून घेतली. खात्यातल्या पुलांच्या नकाशांनाही त्यांनी एवढी काळजी घेतली नव्हती.

गवंडी अप्पाराव तेलुगू होते. पण शहरातल्या सगळ्यांशी बोलत तशी दखनी हिंदी ते बाईंशीही बोलत. शहाबादी फरशी बसवताना त्यांनी हात थांबवला. "अम्मा, परदा तो होना. खानेवाले चूल्हा देखते क्या?"

"देखने देव," बाई म्हणाल्या.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी चुन्यात नीळ जरा जास्तच टाकायला लावली. खोली निळसर झाली आणि त्या निळाईवर घासलेले पितळी डबे असे उठून दिसू लागले की अप्पारावही दोन पावलं मागं सरकून बघत राहिले. डब्यांच्या फळीच्या वर, बाकावर बसल्यावर समोर येईल अशा जागी, बाईंनी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली.

"तिथंच हवी?" एकनाथरावांनी हळूच विचारलं.

"कुणाला विचारायला लागू नये म्हणून."

कामासाठी बंद असलेली खानावळ उघडली त्या पहिल्या दिवशी सकाळी सगळी नेहमीची मंडळी आली आणि दारातच थबकली. आजवर भिंतीपलीकडून फक्त थापण्याचा आवाज यायचा. आता भाकरी थापणारे हात, परात, तवा, चुलीतला जाळ आणि बाई स्वतः, सगळं एकदम समोर होतं. काहींनी तसबीर पाहिली, मग बाईंकडे पाहिलं, मग खाली. नामदेवराव रोज बसायच्या आधीच "मावशी, भाकरी" म्हणून ओरडत. त्या दिवशी ते दारात चपला काढण्यातच रेंगाळले.

आणि धूर झाला. पूर्वी चूल मागच्या खिडकीखाली होती. ती खोलीच्या मधोमध आणताना धुराने जायचं कुठून, याचा विचार ना बाईंनी केला होता, ना एकनाथरावांनी. बाईंना सगळ्यांसमोर दिसायचं होतं, एकनाथरावांना छत सांभाळायचं होतं. ताटं मांडेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाकावरची मंडळी मयताला आल्यासारखी नाक ओढत बसली.

हिंमतराव पहिले उठले. परभणीकडचे, जुने, खात्यापित्या घरचे गृहस्थ. "धुरात माणूस जेवणार कसा?" म्हणत ताट वाढायच्या आधीच ते बाहेर पडले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. नामदेवराव थोडं घुटमळले. "डोळे चुरचुरायलेत बघ," असं एकनाथरावांना म्हणाले आणि तेही गेले. उरलेले निम्मेशिम्मे डोळे पुसत जेवले.

दुपारी बाई ओटा पुसत होत्या. एकनाथराव अपराध्यासारखे उभे. "धुरामुळं गेले लोक," ते म्हणाले.

"धुरामुळं गेले का माझ्यामुळं, ते मला कसं कळावं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना तरी कळतंय का, कुणास ठाऊक. आधी धूर काढते. धूर गेला की निमित्त ऱ्हात नाही."

एकनाथरावांना सोपा उपाय सुचला. चूल पुन्हा मागच्या खिडकीखाली न्यावी. एका दिवसाचं काम. बाईंनी खांबाआड जाऊन तिथं उभं राहून दाखवलं. "आता दिसते का मी?"

"नाही."

"मग परत आतच की मी."

तेव्हा अप्पारावांनी रस्त्याच्या कामावर टाकून दिलेलं डांबराचं पिंप आणलं. अंबरपेठेतल्या पत्रेवाल्याने ते उभं चिरलं, ठोकून चूल झाकेल एवढं पसरट केलं आणि उलट्या टोपलीसारखं धुराडं बनवलं. वर पत्र्याची नळी. ती छतातून बाहेर काढायची परवानगी बेगमांकडून एकनाथरावांनीच मागितली, आणि ओशाळत, अडखळत का होईना, मिळवली. बाईंनी धुराडं गेरूने रंगवून घेतलं. निळ्या खोलीत ते लालभडक टोपडं देवळाच्या कळसासारखं दिसू लागलं. लपवायची गोष्ट त्यांनी सगळ्यांत आधी नजरेत भरेल अशी केली.

पेटवून पाहायला बाईंनी मुद्दाम ओल्या गोवऱ्या घातल्या. धूर घुमला, क्षणभर रेंगाळला आणि सरळ वर ओढला गेला. एकनाथराव पळत रस्त्यावर गेले. नळीतून दाट लोट आभाळात चढत होता. "आला, आला," ते म्हणाले, आणि वळून बघतात तो बाई त्यांच्यामागे येऊन उभ्या. पुढच्या दाराने आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत, मान वर करून, त्या धुराकडे बघत होत्या. हसत नव्हत्या. पण मोठा लेक परीक्षेत पहिला आल्यावर आई जशी दारात उभी राहते, तशा उभ्या होत्या. येणारे जाणारे बघत होते. बाई बघू देत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला नामदेवराव दारात आले. धुराडं बघितलं, छत बघितलं, तसबीर बघितली.

"धूर गेला?"

"गेला," बाई म्हणाल्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

नामदेवराव बराच वेळ उभे राहिले. एकनाथरावांनी मान खाली घातली. त्यांच्याने ते बघवेना. मग चपला काढल्याचा आवाज आला. "एकनाथ, सरक जरा," असं म्हणत नामदेवराव बाकावर बसले. बाईंनी ताट ठेवलं. पहिली भाकरी त्यांनी मान वर न करता संपवली आणि मग सवयीने, भिंत असल्यासारखे, ओरडले, "मावशी, भाकरी!"

"ओरडू नका, इथंच हाय मी."

बाकावर हशा पिकला. नामदेवरावही हसले, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन.

सगळे परत आले असं नाही. हिंमतराव काचीगुड्याच्या दुसऱ्या खानावळीत जाऊ लागले. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तिथं धूर फार आहे म्हणे."

"आता नाही," एकनाथराव म्हणाले. हिंमतरावांनी उन्हाळ्याचा विषय काढला.

पण रिकाम्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. कर्नूलहून नव्या सरकारची कचेरी हैदराबादेत आली होती. तिथले तेलुगू कारकून ज्वारीची भाकरी कशी फुगते ते बघायला ओट्यापाशी गर्दी करत. बाई त्यांच्यासाठी चारू करायला शिकल्या, आंबट सार. आसपासच्या बायका काही ना काही मागायला येत आणि उभ्याचा ओटा हाताने मापून जात. कुणी विचारलं, "कुणी काढलं हे?" तर बाई सांगत, "डोकं माझं, रेघा यांच्या." एकनाथराव ताटात बघत. पण त्या दिवशी त्यांना एक भाकरी जास्त जाई.

पुढच्या वर्षी त्यांचाही हुकूम आला, औरंगाबादचा. रात्रीची गाडी काचीगुड्याहून होती. ट्रंक बाकाखाली सरकवून ते नेहमीच्या टोकाच्या जागेवर बसले. बाईंना काहीतरी सांगावं असं दिवसभर त्यांच्या मनात होतं. या खोलीबद्दल, त्या लाल धुराड्याबद्दल, आणि आपल्याला नकाशा काढायला बोलावलं त्याबद्दल. शब्द जुळवूनही ठेवले होते. समोर चूल होती, नजरेला नजर होती, मध्ये काही नव्हतं.

"अजून एक टाकू का भाकरी?" बाईंनी विचारलं.

"नको, गाडी आहे."

"मग ताक तरी घ्या."

"द्या," एकनाथराव म्हणाले.