एक्याण्णवचा कोन

सातवीतल्या माझ्या मुलीला शाळेतून घरचा अभ्यास मिळाला होता. घरातल्या कुणाला तरी कासव शिकवायचं आणि त्या माणसानं काढलेलं चित्र घेऊन यायचं. कासव म्हणजे संगणकावरचं. पुढं किती जायचं आणि किती वळायचं हे आकड्यांत सांगितलं की ते रेघ ओढत चालतं.

तिच्या वडिलांना कारखान्याच्या हंगामात बसायला सवड नव्हती, म्हणून तिनं मला धरलं. माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली. दिराच्या जुन्या लॅपटॉपला मी बोटच लावेना.

"आई, मोडत न्हाय गं ते," म्हणत तिनं माझा हात ओढला.

पण चालणं-वळणं मला लगेच समजलं. गोधडी आम्ही कडेनं शिवत आत जातो. सरळ जायचं, कोपऱ्यात वळायचं, पुढच्या फेरीला थोडं कमी. कासव मधून निघून बाहेर जात होतं, एवढाच फरक. दर वळणानंतर दोन पावलं जास्त आणि नव्वदचा कोन. चौकोनाभोवती चौकोन उमटत गेले.

ती डेअरीला दूध घालायला गेली तेव्हा मी एकटीच बसले. घाईत नव्वदच्या जागी एक्याण्णव पडलं. सगळे चौकोन जरा जरा पिरगळले आणि पडदाभर भोवरा फिरतोय असं दिसायला लागलं. मला वाटलं, बिघडलं, म्हणून मी टाकलेले आकडे पुसले, पण चित्र तसंच राहिलं. तेवढ्यात ती आली आणि किटली हातात तशीच धरून बघत राहिली.

"आई! कसं केलंस?"

"हात चुकला," मी म्हणाले. आकडा सांगितलाच नाही. चुकीचं काय सांगायचं?

पालकसभेत सरांनी सगळी चित्रं भिंतीवर दाखवली. भोवरा आल्यावर सर थांबले.

"हे कुणी काढलं?"

"माझ्या आईनं," मुलगी उभी राहून म्हणाली.

मागून एक बाई हसली. "अगं बया, चौथी शिकलेली ही असलं काढाय लागली, तर आमी काय निस्त्या म्हशीच राखायच्या?"

सगळे हसले. सर माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही काढलंत?"

इतकी माणसं माझ्याकडं बघत होती. मी पदर ओढला. "न्हाय हो सर. मला कुठलं येतंय."

सर मुलीला म्हणाले, "मोबाईलवरून उतरवलंस का? नसशील तर इथं काढून दाखव."

ती सरांच्या संगणकासमोर बसली. दोन पावलं जास्त, नव्वदचा कोन. सरळ चौकोन आले. तिनं पावलं बदलली, रंग बदलला. पुन्हा चौकोनच. मग तिनं एकदाच मागं वळून माझ्याकडं बघितलं. एक्याण्णव माझ्या जिभेवर होतं. सांगायला उठायचीसुद्धा गरज नव्हती. मी बाकावर कुणीतरी कोरलेल्या रेघा बघत बसले.

"चित्र आणलं नसतंस तरी चाललं असतं," सर हळूच म्हणाले. "खोटं बोलू नये, बाळ."

"व्हय सर," ती म्हणाली.

घरी जाताना सणसरच्या रस्त्याला लागल्यावर ती कालव्याच्या कडेकडेनं चालत होती.

"आकडा तुला म्हायती हुता ना?"

"व्हय."

"किती?"

"एक्याण्णव."

ती थांबली. मग पुन्हा चालू लागली. मी मागून म्हणाले, "उद्या येते मी शाळंत. सरांच्या समोर काढून दावते."

"नको. आता म्हणतील, पोरीनं आईला पढवून आणली."

हे ती रडत म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. आणि तिनं नको म्हटल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा त्या वर्गात जायचं नाही, कुणासमोर बोलायचं नाही. वर्गात गप्प बसले त्यापेक्षा त्या सुटकेची मला जास्त लाज वाटते.

मी गेले नाही.